चिनू, हात मिळवायचा की जोडायचा?

प्रिय चिनू,

शनिवारच्या मराठी वर्गात कुणीतरी सांगितलं की आपल्या पूर्वजांना जंतू ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी नमस्काराची पद्धत पाडली. हे खरं का, आणि खरं असेल तर इथे श्टुटगार्टमध्ये आपण सगळ्यांशी हात का मिळवतो, असं तू विचारलंस. गाडी चालवताना घाईघाईत काहीतरी सांगायचं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

पूर्वजांना जंतू ठाऊक नव्हते. नमस्कार फार जुना आहे, पण जंतूंमुळे रोग होतात हे जगाला पटायला एकोणिसावं शतक उजाडलं. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी 1884 साली पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू ओळखला, तोही आपल्या कलकत्त्यात. त्या शतकात पंढरपूरच्या यात्रेत पटकीच्या साथी येत. तिथे कोण कुणाशी हात मिळवत होतं? पण पटकी दूषित पाण्यातून येते, तिला नमस्काराने काय फरक पडणार! शिवाय वारकरी तर एकमेकांच्या पायांना हात लावतात, लहान-मोठा बघत नाहीत. मला आपल्याकडची सगळ्यात सुंदर भेट तीच वाटते, आणि ती स्पर्शाचीच आहे.

आता एक अवघड गोष्ट. तू अकरा वर्षांचा झालास, तुला कळेल. आपल्याकडे माणसं माणसांना शिवत नसत, त्यामागे बहुतेकदा तब्येतीचा विचार नव्हता, जात होती. महार समाजातल्या माणसाने लांब उभं राहून 'जोहार' घालायचा, असा रिवाज पिढ्यान् पिढ्या चालला. महाडचं चवदार तळं सगळ्यांसाठी खुलं असल्याचा ठराव झाला होता, तरी अस्पृश्य मानलेल्यांना तिथे पाणी घेऊ देत नसत. 1927 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन गेले आणि त्या तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर तळं बाटलं म्हणून गावातल्या काही लोकांनी त्यात शेण-गोमूत्र ओतून ते 'शुद्ध' केलं! म्हणून 'आपले पूर्वज अंतर पाळायचे, किती शास्त्रीय' असं कुणी म्हणालं की मला राग येतो. ज्यांच्यावर ते अंतर लादलं त्यांची पतवंडं तुझ्याच वर्गात बसत असतील. आपल्याकडे येणारे काका 'जय भीम' म्हणतात आणि तूही म्हणतोस ना, तो त्याच लढ्यातून आलेला नमस्कार आहे.

मग नमस्कार कशासाठी करायचा? समोरच्याची तब्येत जपायला. हे कारण आजचं आहे आणि मला ते पुरेसं वाटतं. 2014 साली वेल्समधल्या ॲबरिस्टविथ विद्यापीठात दोघांनी एक साधा प्रयोग केला. हातमोजा जंतूंच्या द्रावणात बुडवून वाळवला आणि दुसऱ्या स्वच्छ हातमोज्याशी भेट घडवली. हात मिळवल्यावर जेवढे जंतू पलीकडे गेले, त्याच्या साधारण निम्मे टाळी दिल्यावर गेले, आणि मुठीला मूठ टेकवल्यावर त्याहूनही खूप कमी. जेवढा कमी भाग टेकतो आणि जेवढा कमी वेळ, तेवढे जंतू कमी. हात जोडले तर काहीच टेकत नाही. पण खोकल्यातून हवेत जाणारे जंतू नमस्काराने अडत नाहीत, त्यासाठी कोपरात खोकायचं. आणि हिवाळ्यात शाळेत उलट्यांची साथ येते ना, त्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसं चालत नाही. साबण आणि पाणीच लागतं. बाहेरून आलं की आधी हातपाय धुवायचे, ही आजीची शिस्त तिथे खरी कामाला येते.

इथल्या लोकांसाठी हात देणं म्हणजे मान देणं. न बोलता हात मागे घेतलास तर समोरच्याला लागेल. मार्च 2020 मध्ये, कोरोनाची साथ पसरत असताना, बर्लिनच्या एका बैठकीत चॅन्सलर मेर्केल यांनी हात पुढे केला आणि त्यांच्याच गृहमंत्र्यांनी तो घेतला नाही. त्या हसल्या आणि बरोबर केलंत म्हणाल्या, कारण सगळ्यांना कारण माहीत होतं. तूही कारण सांग. सर्दी झाली असेल तर समोरचा हात पुढे येण्याआधीच डोळ्यांत बघून 'इश बिन एर्केल्टेट', मला सर्दी झाली आहे, एवढं म्हण आणि हात जोड. संकोच वाटला तर उजवा हात छातीवर ठेवून मान झुकव, तेही छान दिसतं. बरा असशील तेव्हा खुशाल हात मिळव, फक्त डबा खाण्याआधी धू. दवाखान्यात मात्र बरा असलास तरी हात जोडच, तिथे आजारी माणसंच येतात. वरच्या मजल्यावरच्या आजींनाही नमस्कारच कर, त्यांचे उपचार चालू आहेत. त्यांना मी आधीच सांगून ठेवलं आहे, त्या वाट बघतील.

डिसेंबरात आजी येईल तेव्हा विमानतळावर तू धावत जाऊन तिला मिठी मारशीलच. मार. पण त्या आठवड्यात नाक वाहत असेल तर मला आधी सांग, लपवू नकोस. तिला दमा आहे आणि इथली थंडी तिला आधीच बाधते. तशी वेळ आली तर लांबूनच वाकून नमस्कार कर, ती तिथून आशीर्वाद देईल, आणि मिठी चार दिवसांनी.

तुझी,
आई