अभिनयात यायचं तर गावाकडचा हेल आधी घालवावा का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. हिंदी सिनेमात मराठी माणूस कायम कामवाली बाई नाहीतर हवालदारच का असतो, ही एक. आणि मुंबईला ऑडिशनला येण्याआधी तुमच्या बोलण्यातला गावाकडचा हेल घालवावा का, ही दुसरी. पहिल्यावर सगळेच बोलतात. मी दुसरीवर लिहिणार आहे, कारण त्या हेलापायी माझी वीस वर्षं गेली.

तरी पहिलीचं थोडक्यात सांगते. वर्सोव्यातलं आराम नगर म्हणजे ऑडिशनचा अड्डा. तिथे बसून जे लिहितात आणि जे माणसं निवडतात, त्यांच्यातले बरेच जण मुंबईत बाहेरून आलेले असतात. त्यांना रोज भेटणारा मराठी माणूस कोण? सकाळी भांड्याला येणारी मावशी, नाक्यावरचा पोलीस, सोसायटीचा वॉचमन. तेवढंच त्यांच्या लिहिण्यात उतरतं. मुंबईत घडणाऱ्या गोष्टीतला डॉक्टर मल्होत्रा, वकील खन्ना आणि दार उघडणारी शांताबाई. मावशीचं काम करायला मला कधीच कमीपणा वाटला नाही. मावशीला घरी सोडून आलेलं पोर असतं, तिची गाडी चुकते, तिला राग येतो. यातलं काही लिहिलेलंच नसतं, याचा मला त्रास होतो.

मी दर्यापूरची, जिल्हा अमरावती. आई परतवाड्याची. घरात वऱ्हाडी, बाजारात हिंदी. १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशातच होता, त्यामुळे आमच्या वडिलांच्या पिढीची हिंदी उत्तम आणि ती आम्हाला आयती मिळाली. २००७ साली आराम नगरमध्ये एका मावशीच्याच रोलसाठी गेले. नाव-गाव-उंची सांगून झाली, डावा-उजवा प्रोफाइल दिला, डायलॉग म्हटले. कॅमेऱ्यामागचा मुलगा म्हणाला, "दीदी, इतनी साफ हिंदी नहीं. थोडा मराठी टच डालो." मी वऱ्हाडी टच दिला. मला दुसरा येतच नव्हता. तो म्हणाला, "ये मराठी नहीं लग रहा." मग त्याने स्वतः करून दाखवलं, "अरे देवा" आणि "मेरे को" घालून. मी नॉट फिट ठरले. मराठी बाईच्या रोलला मराठी बाई मराठी वाटली नाही.

त्या दिवशी मला हसू आलं होतं. खरं लागलं ते पुढे, आणि आपल्याच लोकांत लागलं.

२०११ च्या सुमारास एका मराठी चित्रपटासाठी मला बोलावणं आलं. शेतकऱ्याच्या विधवेची गोष्ट होती. दिग्दर्शकांचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोग नाही. त्यांनी तहसील कार्यालयाचा प्रसंग दिला. नवरा गेलेला, सरकारी मदतीचे एक लाख मिळायचे तर आत्महत्या 'पात्र' ठरावी लागते, आणि समोरचा बाबू सातबारा, कर्जाचे कागद, पंचनामा मागतोय. माझी सख्खी मावशी या टेबलावरून त्या टेबलावर फिरलेली मी पाहिली आहे. तिचं प्रकरण अपात्र ठरलं. त्या खोलीत मी अभिनय केला असं मला आजही वाटत नाही. मी म्हटलं, "माह्या घरातला मानूस गेला, अन् तुमी मले कागद मांगून रायले?" खोलीत सगळे गप्प झाले. दिग्दर्शक उठून आले आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "ताई, हेच पाहिजे मला."

आठ दिवसांनी फोन आला. मुख्य भूमिका पुण्याच्या, मालिकेतून घरोघरी पोचलेल्या एका अभिनेत्रीला दिली होती. मला शेजारणीचे चार सीन. आणि वर एक विनंती, की माझी भाषा अस्सल आहे तर मीच तिला शिकवावं. मी विचारलं, माझी भाषा अस्सल आहे तर मग मीच का नको? त्यांनी दिलेलं उत्तर मला शब्दन् शब्द पाठ आहे: "भाषा काय हो, तीन आठवड्यांत शिकता येते. चेहरा शिकता येत नाही."

मी होकार दिला. घरभाडं थकलेलं होतं, आणि चार सीन म्हणजे चार सीन. गोरेगावच्या एका फ्लॅटमध्ये तीन आठवडे रोज दुपारी शिकवलं. त्या मुलीबद्दल माझ्या मनात काही नाही, तिने मेहनत घेतली, वही भरून काढली. मी तिला सांगत होते की आमच्याकडे पाण्याचं पानी होतं, डोळ्याचा डोया होतो, 'जवळ'चं 'जवय' होतं, आणि वाक्य शेवटाला कुठे ओढायचं ते. दुसऱ्या आठवड्यात दिग्दर्शक येऊन बसले आणि एकेक गोष्ट काढत गेले. ळ चा य नको, पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला कळणार नाही. ण स्वच्छ ठेवा, नाहीतर ती अडाणी वाटेल. 'मले', 'तुले' आणि 'काहून' तेवढं ठेवा. शेवटी ती कॅमेऱ्यासमोर म्हणाली, "मले पाणी हवंय." आमच्याकडे कुणी असं बोलत नाही हो. "मले पानी पायजे" म्हणतात. 'हवंय' आमच्या घरात फक्त रेडिओवर ऐकू यायचं. शिवाय रोज सकाळी तासभर मेकअप करून तिला रापलेली करायचे. ती करून झाली की माझ्या रंगाची दिसायची.

चित्रीकरण वर्ध्याजवळ झालं. माझे चारही सीन एकेका टेकमध्ये गेले. आवाज नंतर डब करायचा होता, म्हणून मी मुंबईत फोनची वाट पाहत राहिले. महिन्याने मीच फोन केला तर कळलं, डबिंग संपलंय आणि शेजारणीला दुसरीचा आवाज लावलाय. कारण काय, तर माझं वऱ्हाडी फार जाड होतं, हिरॉइनच्या बाजूला वेगळं वाटत होतं. म्हणजे खरं बोलणं शेजारी आलं की शिकवलेलं उघडं पडत होतं, म्हणून खरं पुसलं.

आईला अमरावतीला नेऊन सिनेमा दाखवला. मी तिला काही सांगितलं नव्हतं. माझा पहिला सीन आला, तशी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तोंड तुहं हाय वं, पन बोलून कोन रायलं?"

आता त्या तीन आठवड्यांबद्दल. भाषा शिकता येते हे मलाही मान्य आहे. बोलपट आले तेव्हापासून हेच चाललंय. मूकपटात रूबी मायर्स, म्हणजे सुलोचना, सगळ्यांत मोठी तारका होती. हिंदुस्तानी येत नव्हती. ती वर्षभर थांबली, भाषा शिकली आणि बोलपटात परत आली. १९३१ च्या 'आलम आरा'चा नायक मास्टर विठ्ठल हा आपला मराठी माणूस, कोल्हापूरला बाबूराव पेंटरांकडे तयार झालेला. मूकपटातला एवढा मोठा नट, की त्याच्यासाठी स्टुडिओंमध्ये कोर्टकज्जा झाला आणि त्याची बाजू जिनांनी मांडली. पण उर्दू उच्चार जमेनात, म्हणून पहिल्याच बोलपटात नायकाला बराच वेळ गुंगीत दाखवलं. त्याचा तो जुना दिमाख पुढे परत आला नाही. लताबाईंना तर दिलीपकुमारांनी ऐकवलं होतं की मराठी गायकांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो. त्यांनी उर्दूचे शिक्षक लावले. श्रीदेवींचा आवाज हिंदीत कित्येक वर्षं दुसऱ्या कुणाचा असायचा, तरी नायिका त्याच राहिल्या.

या सगळ्यांना शिकायला वेळ मिळाला, किंवा न शिकताही खपवून घेतलं गेलं. माझा त्या दिग्दर्शकांना तेव्हापासून एकच प्रश्न आहे. पुण्याच्या मुलीला माझी भाषा तीन आठवड्यांत येते, तर तुमची प्रमाण मराठी शिकायला मला तीन आठवडे कुणी का दिले नाहीत? मालिकांच्या सेटवर मला "ताई, पानी नाही, पाणी" असं साठ माणसांसमोर ऐकवलंय, पण संध्याकाळी बसून कुणी शिकवलं नाही. तिच्या बाबतीत भाषा ही शिकायची गोष्ट होती. माझ्या बाबतीत तो दोष होता. आणि कुणाची भाषा शुद्ध ते ठरवणारे कोण? मराठीतला पहिला गद्यग्रंथ, 'लीळाचरित्र', तेराव्या शतकात आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला लिहिला गेला. मराठी भाषेचं विद्यापीठही आता तिथेच सुरू झालंय. तिथल्या बाईने सेटवर 'पानी' म्हटलं की लोक हसतात.

म्हणून हिंदीवाल्यांनी आपल्याला मोलकरीण केलं अशी ओरड झाली की मी त्यात सामील होत नाही. आपल्या मालिका बघा. सासू, सून, वकील, डॉक्टर सगळे सदाशिव पेठेतले. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलतो तो गडी नाहीतर खलनायकाचा माणूस. हिंदीने आपल्याशी जे केलं तेच आपण आपल्यातल्यांशी केलंय.

२०१४ साली मेरी कोम यांच्यावरच्या सिनेमात प्रियांका चोप्रा मुख्य भूमिकेत होत्या. लिन लैश्राम ही मणिपुरी अभिनेत्री त्याच सिनेमात छोट्या भूमिकेत होती, आणि पुढे तिने मणिपुरी मुलीलाच ते काम मिळायला हवं होतं असं उघड सांगितलं. तेव्हा माझ्या पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी फार हळहळल्या. मी त्यांना शेजारणीची गोष्ट सांगितली, तर म्हणाल्या, "अगं, तुझं वेगळं, आपण सगळे मराठीच ना." मणिपुरात तर बंडखोरांच्या बंदीमुळे २००० सालापासून हिंदी सिनेमे लागतच नव्हते, मेरी कोमवरचा हाही लागला नाही. माझ्या आईने निदान थिएटरात बसून ओळखलं तरी, की आवाज माझा नाही.

आता काही गोष्टी माझ्याच म्हणण्याच्या विरोधात जातात, त्याही सांगायला हव्यात. 'सैराट'ने २०१६ साली करमाळ्याकडची बोली जशीच्या तशी ऐकवली, अकलूजची शाळकरी मुलगी नायिका केली, आणि तोवरच्या कुठल्याही मराठी सिनेमापेक्षा जास्त कमाई केली. प्रेक्षकाला कळणार नाही हा मुद्दा तिथेच संपला. 'झुंड'मध्ये नागपूरच्या वस्तीतली पोरं त्यांच्याच हिंदीत बोलली, अमिताभ बच्चन समोर असताना. 'सेक्रेड गेम्स'मधला काटेकर हवालदारच आहे, पण जितेंद्र जोशींनी केलेला तो माणूस मला घरचा वाटला. म्हणजे बदल होतोय. माझ्यावेळी नव्हता. आणि हेही खरं, की माझ्या वाट्याला नुसती भाषा आली नाही. रंग होता, वय होतं, मुंबईत ओळख नव्हती. सगळं खापर हेलावर फोडणं बरोबर नाही.

तर हेल घालवू नका. प्रमाण मराठी मात्र शिका, नीट शिका. रोज अर्धा तास वर्तमानपत्र मोठ्याने वाचा आणि रेकॉर्ड करून ऐका. एक कपाटातला चांगला शर्ट असतो ना, तशी ती ठेवा. ऑडिशनला जाताना दोन उतारे तयार ठेवा, एक तुमच्या बोलीतला, एक प्रमाण मराठीतला. हिंदीसाठी जात असाल तर तिसरा हिंदीत. बोलीतला आधी करा.

गेल्या दिवाळीनंतर त्याच दिग्दर्शकांच्या ऑफिसातून फोन आला होता. नवीन वेब सिरीज, नवीन नायिका, पुन्हा विदर्भ, पुन्हा तीन आठवडे. मी तीन अटी सांगितल्या: शिकवण्याचे पैसे दिवसाच्या हिशोबाने आणि आधी, श्रेयनामावलीत भाषा मार्गदर्शक म्हणून नाव, आणि त्यात माझा रोल असेल तर आवाज माझाच. फोनवरची मुलगी म्हणाली, सरांशी बोलून कळवते. तिने अजून कळवलेलं नाही.

तिसरी अट तुम्हीही पहिल्या करारापासून लेखी घ्या. नवीन माणसाला ती मागता येत नाही असं सगळे सांगतील. मीही तसंच समजत होते. करार हातात आला की 'डबिंग' हा शब्द कुठे आहे ते शोधा. बहुतेक ठिकाणी निर्माता कुणाचाही आवाज वापरू शकतो असं एक वाक्य असतं. ते काढून घेता आलं नाही, तर निदान एवढं लिहून घ्या, की दुसरा आवाज लावण्याआधी तुम्हाला एकदा माइकसमोर उभं करतील.