गॅसचं बटण, बारा फेऱ्या आणि चार भेटी

मावशी,
मी ३६ वर्षांची, सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत कॅशियर आहे. घरातून निघताना शेगडीची बटणं, रेग्युलेटर आणि कुलूप दहा-बारा वेळा तपासते. बटणांचा मोबाइलवर फोटो काढते, तरी एस.टी. स्टँडवरून परत फिरते. मशिनने मोजलेली नोटांची बंडलं पुन्हा हाताने मोजते. ह्यांचं दुकान घराखालीच आहे. दिवसभर ह्यांना फोन करून विचारते, 'बंद आहे ना?' शेवटी एका समुपदेशक बाईंकडे चार वेळा गेले. त्यांनी फार मायेनं ऐकलं, मी रडले, मोकळं वाटलं. त्या म्हणायच्या, 'काही होणार नाही, चांगले विचार करा.' घरी आले की पुन्हा तेच. एका भेटीचे ८०० रुपये. सासूबाई म्हणतात, बोलून कुठे आजार बरे होतात? पाचव्या भेटीला जावं की नको? ऑफिसात कळलं तर नोकरीचं काय? हे पत्र पाठवण्याआधी अकरा वेळा तपासलंय.
– एक वाचक

प्रिय लेकी,

चार वेळा गेलीस, पैसे भरलेस, परक्या माणसासमोर रडलीस, आणि वर स्वतःलाच दोष देते आहेस. तो आधी काढून टाक. तू काही चुकली नाहीस. उपचाराची जात चुकली.

तू लिहिलं आहेस त्याला मराठीत जुना शब्द आहे, मंत्रचळ. डॉक्टर त्याला ओ.सी.डी. म्हणतात. पत्रावरून निदान करायचा अधिकार मला नाही, ते डॉक्टरच करतील, पण तुझं वर्णन त्याच्याशी फार जुळतं. माझ्या आजोळी एक आजी होत्या. पाण्याची घागर सात वेळा विसळायच्या, आठव्यांदा कुणी शिवलं असेल अशी शंका आली की पुन्हा पहिल्यापासून. हिवाळ्यात बोटांना भेगा पडून रक्त यायचं. सगळे म्हणायचे, आजींचं सोवळं फार कडक. त्यांना त्रास होतोय हे कुणाच्या मनातही आलं नाही. तुझं पत्र वाचताना मला त्यांची ती बोटं दिसत होती.

आता त्या चार भेटींबद्दल. समुपदेशन म्हणजे एकच गोष्ट नाही. माणूस गेल्याचं दुःख असेल, संसारात घुसमट होत असेल, तर कुणीतरी न टोकता ऐकणं हाच मोठा उपचार असतो. नवरा-बायकोचं वाजत असेल तर दोघांना एकत्र बसवून बोलतात. लहानपणीच्या जखमा खोल असतील तर महिनोन् महिने त्यांच्याकडे वळून पाहावं लागतं. 'मी नापास झालो म्हणजे मी टाकाऊ' असले विचार तपासून बघायला विवेकनिष्ठ मानसोपचार आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली ही पद्धत महाराष्ट्रात चांगली रुजली आहे. यातली प्रत्येक पद्धत आपापल्या जागी उपयोगी आहे.

मंत्रचळाला मात्र नुसतं ऐकणं पुरत नाही. आणि 'काही होणार नाही' हा दिलासा तर त्याचं खाद्य आहे. विचार येतो, 'गॅस चालू राहिला तर?' छाती धडधडते. तू तपासतेस, नाहीतर ह्यांना विचारतेस. पाच मिनिटं बरं वाटतं. मेंदू त्यातून एवढंच शिकतो की तपासलं म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी जास्त जोरात ओरडतो. फोटो काढूनही परत फिरतेस ते यामुळेच. त्या बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, पण दर भेटीत तुला तोच दिलासा मिळत होता.

यावरची पद्धत म्हणजे ई.आर.पी. भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं आणि तपासण्याची कृती करायची नाही. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली ती प्रथम मांडली आणि आज मंत्रचळावरच्या उपचारांत ती अगदी वरच्या क्रमांकावर आहे. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, म्हणजे दारातून आत जाताना पाय अडखळणार नाहीत.

पहिल्या एक-दोन भेटी प्रश्नांच्या. कधीपासून आहे, दिवसाचा किती वेळ जातो, घरात आणखी कुणाला आहे का, झोप कशी, मन उदास असतं का. बऱ्याच ठिकाणी येल-ब्राउन नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात, गुण शून्य ते चाळीस. मग तुम्ही दोघी मिळून एक यादी करता. समजा, हॉलचा पंखा न तपासता निघणं, भीती शंभरपैकी २०. बंडल एकदाच मोजून पुढे करणं, ४५. शेगडीकडे एकदाच बघून कुलूप लावणं, ८०. सुरुवात २० पासून. पंखा न बघता घराबाहेर उभी राहशील. घाम फुटेल, पाय मागे ओढतील. थेरपिस्ट बाजूला असतात, पण 'काही होत नाही' असं म्हणत नाहीत. 'आता किती? ३०? थांबूया' एवढंच म्हणतात. तशीच थांबलीस की भीती हळूहळू स्वतःच ओसरायला लागते. न ओसरली तरी तिच्यासकट थांबता येतं, हे अंगाला कळतं. मग तेच घरी रोज करायचं. हा गृहपाठ हाच खरा उपचार. आठवड्याला तास-पाऊण तास, अशा साधारण बारा ते वीस भेटी लागतात. पहिले काही आठवडे त्रास वाढल्यासारखा वाटेल. तेव्हा पळून येऊ नकोस.

घरच्यांनाही एकदा बरोबर ने. ह्यांनी 'हो गं, बंद आहे' म्हणणं हळूहळू कमी करायचं असतं, आणि प्रेमाच्या माणसाला ते अवघड जातं. कसं थांबायचं ते थेरपिस्ट त्यांना शिकवतील. तू चिडशील, रुसशील, हे त्यांना आधीच सांगून ठेव.

मानसोपचारतज्ज्ञ गोळ्या देतील तर घाबरू नकोस. मंत्रचळात औषधाचा गुण यायला वेळ लागतो, कधी दहा-बारा आठवडे. या झोपेच्या गोळ्या नव्हेत, यांचं व्यसन लागत नाही. फक्त स्वतःच्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत.

माणूस निवडताना शिक्षण विचारायला लाजू नकोस. औषध देतात ते एम.बी.बी.एस. होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. ई.आर.पी.सारखे उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असते. चार आठवड्यांचा कोर्स करून पाटी लावणारेही असतात, म्हणून सांगते. ८०० रुपये जड जात असतील तर जिल्हा शासकीय रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो, तिथे आधी चौकशी कर. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र सुरू आहे, मराठीत बोलतात. एखाद्या रात्री जगणंच नको वाटलं, तर त्या रात्री तोच नंबर लाव आणि ह्यांनाही उठव.

ऑफिसचं म्हणशील तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझ्या उपचारांची गुप्तता हा तुझा हक्क आहे. जिवाला धोका असण्यासारख्या, कायद्यात दिलेल्या मोजक्या प्रसंगांपलीकडे डॉक्टर कुणाला सांगू शकत नाहीत. पतसंस्थेत फक्त रजेचा अर्ज जातो.

पाचव्या भेटीला जा. त्या बाईंना तोंडावर सांग, 'मला मोकळं वाटतं, पण तपासणं थांबत नाही.' असं म्हणणं म्हणजे उद्धटपणा नाही, चांगल्या समुपदेशकाला ते ऐकायचंच असतं. मग विचार, 'तुम्ही ई.आर.पी. करता का? नसेल तर कुणाकडे पाठवाल?' त्या स्वतःच चिठ्ठी देतील. नाही दिली तर तू शोध, पण थांबू नकोस. सासूबाईंना म्हण, बोलून नाही, करून बरं व्हायचंय.

भेट झाली की मला कळव. ते पत्र एकदाच लिही आणि परत न वाचता पाठव. शब्द चुकलेले असले तर मी समजून घेईन.

तुझी,
मावशी