रॅप आणि लाल कॅलिपर: सव्वादोन लाख आत्ता खर्च करावेत का?

प्रश्न: वय ३८, पुण्यात आयटी कंपनीत नोकरी. पगार हातात २ लाख ६० हजार येतो. घराचा हप्ता ६२ हजार, घरखर्च ७० हजार, मुलीचं शिक्षण आणि निवृत्ती मिळून ४५ हजारांची एसआयपी. सहा महिन्यांपूर्वी अडीच वर्षं वापरलेली पांढरी मर्सिडीज जीएलसी घेतली. तिच्या कर्जाचे २२ लाख बाकी आहेत, दर ९.५ टक्के, ५५,२७० रुपयांचे ४८ हप्ते उरलेत. लिक्विड फंडात ४ लाख आहेत, एप्रिलमध्ये ५ लाखांचा बोनस येईल. पूर्ण गाडीला सॅटिन (मंद चकाकीचा) ग्रे रॅप, म्हणजे रंगावर चिकटवायची रंगीत फिल्म (१ लाख ६५ हजार), आणि चारही ब्रेक कॅलिपरना, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागांना, लाल पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत पक्का केलेला रंग (२८ हजार), करून घ्यायचं आहे. स्टुडिओ कार्डावर १२ हप्त्यांत करून देतो, व्याज १६ टक्के. रंग जपला जाईल आणि तीन वर्षांनी विकताना किंमत चांगली येईल असं त्यांचं म्हणणं. पत्नीला हा खर्च पटत नाही. करावं का?

उत्तर: रॅप आत्ता करू नका. कॅलिपर करा, पण पावडर कोटिंग नको. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

आधी खरा आकडा काढू. १ लाख ९३ हजारांवर १८ टक्के जीएसटी धरला की २,२७,७४० होतात. तीन वर्षांनी गाडी विकायच्या आधी रॅप काढावा लागेल. त्याचा खर्च कोटेशनमध्ये कुणीच लिहीत नाही, पण तो होतोच. २० हजार अधिक जीएसटी धरा. म्हणजे ३६ महिन्यांसाठी सुमारे २ लाख ५१ हजार, दरमहा ७ हजार. कार्डाच्या हप्त्याने घेतलंत तर महिन्याला २०,६६४ रुपये, वर्षभरात २० हजारांवर व्याज, आणि त्या व्याजावर पुन्हा जीएसटी. सुमारे २४ हजार रुपये निव्वळ घाईचे. हौस रोखीने करावी, हप्त्याने करू नये, हे मी सगळ्यांनाच सांगतो.

तुमचं उत्पन्न पाहता महिना ७ हजार मोठी रक्कम नाही. अडचण लिक्विड फंडातल्या ४ लाखांची आहे. दोन्ही हप्ते आणि घरखर्च मिळून तुमचा महिना १ लाख ८७ हजारांचा आहे, एसआयपी थांबवली तरी. ४ लाख म्हणजे दोन महिने आणि काही दिवस. नोकरी गेली तर तुमच्या पातळीची दुसरी मिळायला चार-पाच महिने लागणं आज नवलाचं नाही, आणि तेवढ्या काळात पहिला फटका गाडीच्या हप्त्याला बसेल. सहा महिन्यांची सोय म्हणजे सव्वाअकरा लाख. बोनस आला की तो अख्खा तिथे टाका, ९ लाख होतील. सगळं वजा जाता दरमहा २७-२८ हजार उरतात. त्यातून उरलेले सव्वादोन लाख आठ-नऊ महिन्यांत भरून निघतील. पत्नीचं म्हणणं या कारणाने बरोबर आहे.

तुलनेसाठी: हेच २,२७,७४० रुपये गाडीच्या कर्जात आज भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे जवळपास सहा हप्ते गळतात आणि व्याजाचे सुमारे ९८ हजार वाचतात. वाहनकर्ज बहुधा स्थिर दराचं असतं, त्यामुळे अंशतः परतफेडीवर शुल्क आहे का ते करारात पाहा. तरीही आधी आपत्कालीन निधी, मग परतफेड. कर्जात भरलेला पैसा अडचणीच्या महिन्यात परत काढता येत नाही.

आता स्टुडिओच्या दोन दाव्यांकडे येऊ. ‘रंग जपला जाईल’ हे अर्धंच खरं आहे. रंगीत रॅपची व्हिनाइल फिल्म साधारण ९० ते १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची असते. ऊन, धुळीचे बारीक ओरखडे, पक्ष्यांची घाण यांपासून ती रंग वाचवते. एक्स्प्रेसवेवर ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा मात्र ती अडवू शकत नाही. त्यासाठी पारदर्शक पेंट प्रोटेक्शन फिल्म असते, १५० ते २०० मायक्रॉनची, लवचिक पॉलियुरेथेनची. वेगळी वस्तू, वेगळा दर. तुमचा हेतू खरोखर रंग जपण्याचा असेल तर बॉनेट, पुढचा बंपर, पुढचे फेंडर आणि आरसे एवढ्यालाच ती लावली की बहुतेक काम भागतं. खडे तिथेच लागतात. शिवाय गाडीचा रंग बदलत नाही.

रंग बदलणं हा कोटेशनमध्ये न दिसणारा दुसरा खर्च आहे. गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो, आणि आरसीवरच्या तपशिलाशी गाडी जुळली पाहिजे असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं. फिल्म निघू शकते म्हणून नोंद लागत नाही, या समजुतीवर विसंबू नका. पांढऱ्याची ग्रे झाली की आरटीओत अर्ज करून नोंद बदलून घ्यायची. गाडीवर बँकेचा बोजा असल्याने आधी बँकेचं ना-हरकत पत्र. तीन वर्षांनी रॅप काढलात की हेच सगळं उलट. विमा कंपनीलाही लेखी कळवून रॅपची किंमत पॉलिसीत वाढवून घ्यायची, थोडा जास्त हप्ता भरून. न कळवता दार ठोकलं गेलं तर दाराचा दावा मिळेल, रॅपच्या पॅनेलचे पैसे खिशातून जातील. वर आरसीवर पांढरा आणि समोर ग्रे गाडी पाहून सर्व्हेअर प्रश्न विचारेल ते वेगळंच. एक दार नवीन रॅप केलं तर त्याची छटा दोन वर्षं उन्हात राहिलेल्या बाकी गाडीशी जुळत नाही, हेही धरून चाला.

‘किंमत चांगली येईल’ हा दावा मात्र मला मुळीच मान्य नाही. जुनी गाडी घेणारा जाणकार रंगाची जाडी मोजणारं यंत्र घेऊन येतो. कारखान्यातला रंग सहसा १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. एखादं पॅनेल अडीचशे-तीनशे दाखवत असेल तर ते पुन्हा रंगवलेलं आहे. रॅप असला की हे मोजमाप बिघडतं आणि घेणारा समजतो की खाली काहीतरी लपवलंय. मग भाव पाडतो. म्हणूनच विकण्याआधी रॅप काढायचा खर्च वर धरला.

तुमच्या बाबतीत हीच गोष्ट उलट बाजूनेही लागू होते. गाडी तुम्ही जुनी घेतली आहे. आधीच्या मालकाने एखादा फेंडर किंवा बंपर बाहेर रंगवून घेतला असेल तर रॅप काढताना तिथला रंग फिल्मबरोबर सोलून येऊ शकतो. कारखान्याचा भट्टीत पक्का केलेला रंग टिकतो, गॅरेजमधला टिकेलच असं नाही. म्हणून पुढे कधी रॅप केलात तरी प्रत्येक पॅनेलचं मोजमाप आधी लिहून घ्या, स्टुडिओच्या सहीसकट.

रॅप पुढे कधी करायचाच असेल तर कामाचा दर्जा कसा ओळखायचा? फिल्म ‘कास्ट’ (पातळ ओतून बनवलेली) आहे की ‘कॅलेंडर्ड’ (रुळांत दाबून ताणलेली) हे पहिल्यांदा विचारा. कॅलेंडर्ड स्वस्त, पण ती आकसते आणि बंपरच्या वळणांवरून सुटते. कंपनी, मालिका आणि रोलचा क्रमांक बिलावर हवा. दीड मीटर रुंदीच्या रोलची या आकाराच्या गाडीला साधारण २० ते २५ मीटर लागते. १५ मीटरमध्ये बसवतो म्हणणारा दारांच्या कडा आत वळवणार नाही. दिवे, हँडल, चिन्हं काढून काम होतं की जागेवरच कापतात? जागेवर ब्लेड चालवलं की रंगावर रेघ उठते आणि ती रॅप काढल्यावरच दिसते. त्यासाठी दोरा असलेली टेप मिळते, फिल्म तिने कापतात. खोलगट जागी ताणलेली फिल्म शेवटी ९० अंश सेल्सियसच्या वर तापवून स्थिर करावी लागते. ही पायरी टाळली की महिन्या-दोन महिन्यांत आरशाच्या आणि बंपरच्या कोपऱ्यांत फिल्म उचलते. पुढच्या रडारसमोर धातूची झाक असलेली किंवा क्रोम फिल्म लावू देऊ नका. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा त्यातूनच पाहते. सॅटिनला पॉलिश करता येत नाही, ओरखडा पडला की तो राहतो. आणि छत व बॉनेटवरची फिल्म आपल्या उन्हात तीन वर्षांच्या पुढे ठेवू नये. ती ठिसूळ होऊन तुकड्या-तुकड्यांत निघते, गोंद मागे राहतो, मजुरी वाढते.

‘बिल नको, जीएसटी वाचवा’ असं कुणी म्हटलं तर उठून या. बिलाशिवाय फिल्मची वॉरंटी नाही आणि विम्याला दाखवायला पुरावा नाही.

आता कॅलिपर. इथे पैशापेक्षा सुरक्षितता महत्त्वाची. पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांची असते. त्यात घालण्यासाठी कॅलिपर गाडीवरून उतरवून पूर्ण उघडावा लागतो: पिस्टन, रबरी सील, धूळ अडवणारी रबरी बुटं, सरकणाऱ्या पिना सगळं बाहेर. परत जोडताना सील नवे, ब्रेकच्या नळीच्या जोडाचे तांब्याचे वॉशर नवे, ब्रेक ऑइल नवं आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतून हवा काढणं. मागच्या चाकांना विजेवर चालणारा पार्किंग ब्रेक आहे, तो आधी निदानयंत्राने सर्व्हिस स्थितीत न्यावा लागतो. २८ हजारांत हे सगळं प्रामाणिकपणे होणं कठीण, म्हणून काहीतरी वगळलं जाणार. जुनाच सील परत बसवला तर ताम्हिणी घाटाच्या उतारावर ऑइल गळू शकतं. एखाद्या पिनेवर किंवा पॅड सरकण्याच्या जागेवर कोटिंग चढलं तर पॅड अडकतो, एका बाजूने झिजतो, डिस्क तापते आणि गाडी एका बाजूला ओढते. ब्रेकचं काम बाहेर उघडून केलं की त्या भागाचा वॉरंटी दावा कंपनी नाकारू शकते, हेही आलंच.

त्याऐवजी न उघडता, जागेवरच, ब्रशने लावायचा दोन भागांचा एपॉक्सी कॅलिपर पेंट वापरून घ्या. साधा स्प्रे चालत नाही, तापून काळवंडतो. चाक काढायचं, तारेच्या ब्रशने धूळ-गंज काढायचा, ब्रेक क्लीनरने तेलकटपणा घालवायचा, २२० नंबरच्या कागदाने हलकं घासायचं. डिस्क, पॅड, रबरी बुटं, पिना, हवा काढायचं निपल आणि नळीचा जोड टेपने झाकायचा. मग दोन-तीन पातळ थर, आणि गाडी २४ तास उभी. पहिले काही दिवस प्रेशर वॉशर चाकांपासून लांब ठेवा. चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने १५० न्यूटन-मीटरला आवळलेले स्वतः उभं राहून पाहा, आणि ५० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासून घ्या. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतंच; ते आधी करा, रंग नंतर, कारण सांडलेलं ब्रेक ऑइल रंग खातं. वर दुसऱ्या कंपनीच्या नावाची अक्षरं चिकटवू नका. विकताना घेणाऱ्याला चुकीची माहिती जाते.

हे काम पावडर कोटिंगपेक्षा कमी पैशात होईल आणि एका महिन्याच्या शिलकीत बसेल. हवं तर याच महिन्यात करा, निधीला धक्का लागत नाही.

एप्रिलचा बोनस पूर्ण लिक्विड फंडात. तिथून डिसेंबर-जानेवारीपर्यंत दरमहाची शिल्लकही तिथेच. सव्वाअकरा लाख झाले की पुढच्या तीन महिन्यांच्या शिलकीतून पुढच्या भागाची पारदर्शक फिल्म रोखीने लावता येईल. त्याच स्टुडिओकडून त्या कामाचं वेगळं कोटेशन आत्ताच मागून ठेवा. एसआयपीला या सगळ्यात हात लावायचा नाही. ग्रे रंगाची ओढ तेव्हाही तेवढीच असेल, तर गाडी तीन वर्षांत विकायचा बेत आधी पुन्हा तपासा. विकायची ठरलीच असेल तर तोवर रॅपला जेमतेम दोन वर्षं मिळतील आणि एकट्या रॅपचा खर्च, काढण्यासकट, दरमहा नऊ हजारांवर जाईल.