अटारीच्या जुन्या आर्केड मशीनचा पॉवर सप्लाय दुरुस्त करावा की सरळ नवा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) बसवावा?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचून राहवलं नाही: ‘मेकॅनिक म्हणतो जुना सप्लाय काढून टाका, नवा एसएमपीएस लावा.’ माझा एक मित्र वर्षानुवर्षं मला हेच ऐकवतोय, आणि अटारीच्या मशीनपुरतं ते साफ चूक आहे.

तुमचं १९८१ चं सेंटीपीड गेमचं मशीन आहे, व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटर बोर्डावर ५ ऐवजी ५.६ व्होल्ट दिसतात आणि तरी गेम मध्येच रीसेट होतो. माझ्या मते तुमचा सप्लाय बिघडलेलाच नाही, तो मरमरून काम करतोय. अटारीच्या ऑडिओ-रेग्युलेटर बोर्डाला सेन्सच्या दोन वेगळ्या तारा असतात. गेम बोर्डापर्यंत खरंच किती व्होल्ट पोचले, हे तो त्यांच्यावरून बघतो. वाटेतला कनेक्टर काळा पडला की तिथे व्होल्टेज पडतं आणि हा बोर्ड भरपाई म्हणून स्वतःचं आउटपुट चढवतो. ५.६ आले ते तिथून.

माझ्याकडे १९७९ चं ॲस्टेरॉइड्स आहे. तेही असंच रीसेट व्हायचं. मित्राने मूळ रेग्युलेटरची ५ व्होल्टची लाइन तोडून नवा एसएमपीएस जोडला. मशीन थंड असताना गेम छान चालायचा, तापला की वॉचडॉगने (गेम अडकला की तो पुन्हा सुरू करणारं सर्किट) रीसेट. मग त्याने निकाल दिला, ‘गेम बोर्ड गेला, फेकून दे.’ मी मीटर लावला. एसएमपीएसच्या टर्मिनलवर ५.१ व्होल्ट, आणि गेम बोर्डावरच्या ६५०२ प्रोसेसरच्या ८ नंबरच्या पायावर, म्हणजे जिथे त्याला ५ व्होल्ट मिळतात तिथे, ४.६. बोर्डावरच्या टीटीएल (५ व्होल्टवर चालणाऱ्या) चिपला किमान ४.७५ लागतात, त्यामुळे तो बोर्ड बिचारा करणार काय? कनेक्टर उपसला तर आतल्या पिना तपकिरी झालेल्या आणि प्लॅस्टिक करपून कडक. रेग्युलेटर बोर्डावरचा हेडर, म्हणजे कनेक्टर बसतो ती पिनांची पट्टी, भिंगाखाली धरला, तेव्हा एका पिनेच्या सोल्डरभोवती केसाएवढी बारीक गोल भेग दिसली. नुसत्या डोळ्यांना तो जॉइंट एकदम चकचकीत दिसत होता.

हेडरचं जुनं सोल्डर काढून नवं भरलं, कनेक्टरला नव्या पिना आणि नवं हाउसिंग घातलं, गेम बोर्डाच्या काठावरच्या एज कनेक्टरचे पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले आणि मूळ रेग्युलेटर परत जोडला. रेग्युलेटरच्या एलएम३०५ चिपला आणि २एन३०५५ ट्रान्झिस्टरला हातसुद्धा लावावा लागला नाही.

मित्र अजून म्हणतो, ‘एसएमपीएसचा पॉट (व्होल्टेज कमीजास्त करायचा स्क्रू) थोडा चढवला असता तरी भागलं असतं.’ नसतं भागलं. अर्धा व्होल्ट पडतोय आणि ४ ॲम्पियर जातायत असं धरलं, तर त्या करपलेल्या जागी २ वॅट उष्णता होते. व्होल्टेज चढवून ती जागा आणखी जाळायची, याला मी दुरुस्ती म्हणत नाही. शिवाय आवाजाचा ॲम्प्लिफायर त्याच बोर्डावर आहे, त्यामुळे ‘जुना काढून टाका’ म्हणणाऱ्याने तो बोर्ड नीट बघितलेलाच नाही.

तेव्हा मोजायचं ते गेम बोर्डावर, थेट चिपच्या पायावर. सेन्स लाइनवरचे दोन छोटे रेझिस्टरही बघा. मुख्य ग्राउंड सैल झालं की करंट त्या बारीक वाटेने परतू पाहतो आणि रेझिस्टर काळे पडतात. मीटर एसीवर टाकून रिपल, म्हणजे डीसीत उरलेला एसीचा हेलकावा, बघा. तो जास्त असेल तर सुमारे २७,००० मायक्रोफॅरडचा तो मोठा निळा कपॅसिटर थकलाय, आणि तो मात्र बदलावाच लागतो. कनेक्टर नीट करण्याआधी पॉट फिरवू नका. नंतर चिपवर ५.०५ च्या आसपास लावा.

हे सगळं अटारीपुरतं. १९८१ च्या डाँकी काँगमध्ये मुळातच स्विचिंग सप्लाय असतो. तो सुरू असताना उघडून आत हात घालू नका, आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. पॅकमॅनला तर रेग्युलेटरच गेम बोर्डावर आहे आणि एज कनेक्टरमधून ७ व्होल्ट एसी आत येतो. तिथेही आधी कनेक्टरच जळतो, हे माझ्या मित्राला कोणीतरी सांगा. आणि मॉनिटरची हाय व्होल्टेज बाजू डिस्चार्ज न करता कॅबिनेटमध्ये मागून हात घालायचा नाही, हे मी वर लिहायला हवं होतं.

मेकॅनिक परत एसएमपीएस म्हणाला, तर त्याच्याकडून आधी ६५०२ च्या ८ नंबरच्या पायावरचं रीडिंग घ्या, मगच वायर तोडू द्या.