टेक्ससला अकाउंट्स शिकवायला जाताय? आधी ‘टू’ विसरा

तुमचा प्रश्न असा: पुण्यात अकरावी-बारावीला बुककीपिंग शिकवलंय, आता टेक्ससमधल्या कम्युनिटी कॉलेजात ट्यूटरचं काम मिळतंय, मुलं बहुतेक स्पॅनिश बोलणारी. तयारी काय करू?

आधी स्वतःच्या सवयी मोडा. आपण जर्नलमध्ये, म्हणजे नोंदींच्या वहीत, क्रेडिटच्या खात्याआधी ‘टू’ लिहितो; तिकडच्या जर्नलमध्ये ते नसतं, क्रेडिटचं खातं नुसतं आत सरकवून लिहितात. ‘स्टॉक’ म्हणजे शेअर, आपल्या स्टॉकला ‘इन्व्हेंटरी’. खात्यांचे पर्सनल-रिअल-नॉमिनल असे प्रकार पाडून डेबिट-क्रेडिट ठरवायचे आपले नियम फळ्यावर आणूच नका, तिथे सगळं मालमत्ता = देणी + भांडवल या समीकरणावरून चालतं. आणि स्वल्पविराम 1,50,000 नाही, 150,000.

मुलं अडतात ती आकडेमोडीत नाही, शब्दांत. मेक्सिकोत शाळेत हिशेब शिकून आलेल्याला डेबिट म्हणजे ‘कार्गो’ आणि क्रेडिट म्हणजे ‘आबोनो’ पाठ असतं. वहीच्या दोन बाजू ‘देबे’ आणि ‘आबेर’. आपलं नावे-जमा तसंच. त्यामुळे ‘देबे डावीकडे’ एवढं म्हटलं तरी पुष्कळ काम होतं. फसवे शब्द मात्र वेगळे काढा. ‘उतिलिदाद’ म्हणजे नफा, म्हणून ‘युटिलिटीज एक्स्पेन्स’, म्हणजे साधं वीज-पाण्याचं बिल, बघून मूल गोंधळतं. त्यांचा ‘बालान्से’ म्हणजे ताळेबंद. खात्यातल्या शिल्लकेला ते ‘साल्दो’ म्हणतात. ‘आ कुएन्ता’ म्हणजे रकमेपैकी काही भाग आगाऊ देणं, तर इंग्रजीतलं ‘ऑन अकाउंट’ म्हणजे सरळ उधारी. हा शेवटचा घोळ सगळ्यात महाग पडतो, कारण खरेदीच्या नोंदीत मूल रोख खातं क्रेडिट करून मोकळं होतं.

अ‍ॅडजस्टिंग एंट्रीला, म्हणजे हिशेबाच्या अखेरीस खर्च-मालमत्ता जुळवून घ्यायच्या नोंदीला, जास्त वेळ ठेवा. उदाहरण घ्या: 1 ऑक्टोबरला वर्षभराचा विमा 1,200 डॉलरला घेतला, 31 डिसेंबरला नोंद करायची. प्रश्नात ‘अनएक्स्पायर्ड (न संपलेले) 900’ असं येतं आणि मूल 900 खर्चात टाकतं. चुकतो तो ‘अन’. महिन्याला 100, तीन महिने संपले, खर्च 300. उरलेले 900 मालमत्तेतच राहतात. प्रत्येक गणिताआधी दोनच प्रश्न विचारा: संपलं किती, उरलं किती? उत्तर स्पॅनिशमध्ये दिलं तरी चालेल, नोंद मात्र इंग्रजीत. परीक्षा इंग्रजीत असते, म्हणून सगळं भाषांतर करून हातात दिलंत तर पेपरात मूल पुन्हा तिथेच अडकतं.

पहिल्या तीन आठवड्यांसाठी चाळीस शब्दांचा एक कागद करा, चार रकाने: इंग्रजी, स्पॅनिश, सोपा अर्थ, वाढलं की कुठली बाजू. स्पॅनिशचा रकाना मुलांकडूनच भरून घ्या. देशागणिक शब्द बदलतात, शिवाय कोलंबिया-अर्जेंटिनाकडची मुलं दशांशाला स्वल्पविराम देतात, तेही तिथेच कळेल.

पालकांचा फोन आला तर मार्क सांगू नका. कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याची माहिती त्याच्या लेखी परवानगीशिवाय सहसा द्यायची नाही, असा 1974 चा फेर्पा कायदा आहे. आपल्याकडची पालकसभा डोक्यातून काढा. आणि एच-4 वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्या नवऱ्याचा किंवा बायकोचा जोडीदार म्हणून, जात असाल तर वर्क परमिट हातात येईपर्यंत पगाराचं काम धरू नका.