वाचकांचे प्रश्न : नळावरचा पांढरा थर

प्रश्न : शॉवरची निम्मी भोकं बुजली आहेत. नळावरही पांढरा थर बसलाय. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून लावला. फेस भरपूर आला, थर मात्र जागचा हलला नाही. काय चुकलं?

उत्तर : फेसानेच फसवलं. थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, तो आम्लात विरघळतो. सोडा मिसळला की आम्लाचा जोर तिथेच संपतो. म्हणून सोडा वगळा. १ लिटर कोमट पाण्यात साधारण ३० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा. पान्ह्यात फडकं धरून शॉवर काढा, आतला रबरी वॉशर वेगळा ठेवा आणि शॉवर तासभर बुडवा. रात्रभर नको, मुलामा खराब होऊ शकतो. मग जुन्या टूथब्रशने घासा. अडलेली भोकं टाचणीने नव्हे, लाकडी टूथपिकने मोकळी करा. उलट्या बाजूने पाणी सोडून आतला कचरा काढला नाही, तर भोकं पुन्हा बुजतात. वॉशर कडक झाला असेल तर बदलाच. टेफ्लॉन टेप त्याची जागा घेत नाही. नळाला याच पाण्यात भिजवलेलं फडकं २० मिनिटं गुंडाळलं की पुरे.

संगमरवरावर हे पाणी सांडू देऊ नका, तोही कॅल्शियम कार्बोनेटच. ब्लीचमध्ये तर मुळीच मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो.

प्रश्न : करकरणाऱ्या बिजागरीला खाद्यतेल चालेल?

उत्तर : काही दिवस. पुढे ते चिकट होऊन धूळ धरतं. खीळ काढून पुसा, मेणबत्ती घासा, परत बसवा.