टूलच्या आउटपुटमधून व्हर्जन नंबर रेजेक्सने खात्रीने कसा काढायचा?

तुमचा रेजेक्स, म्हणजे मजकुरातून हवा तो भाग शोधणारा पॅटर्न, 'तीन आकडे, मध्ये दोन टिंबं' असा आहे. जीसीसीला (सी कंपायलर) तो चालतो, पण मेक (बिल्ड टूल) आणि जावाला अडखळतो, असं तुम्ही लिहिलंय. सगळ्या टूल्सना एकच पॅटर्न लावायचा हट्ट सोडा, अर्धं काम तिथेच होईल.

मेक 'जीएनयू मेक ४.३' एवढंच म्हणतो, तिसरा आकडा नाहीच. जावा १७ चं पहिलं रिलीज अवतरणात नुसतं "१७" सांगतं आणि पुढे तारीख जोडतं. जावा ८ मात्र "१.८.०_३९२" अशा थाटात. वर जावाचा सिंगल डॅशवाला व्हर्जन ऑप्शन हे सगळं एसटीडीएररवर (एररसाठीचा वेगळा आउटपुट) छापतो, त्यामुळे आउटपुट दुसऱ्या कमांडला पाइप केलंत तर हाती काहीच लागत नाही.

जीसीसीला चालतंय तेही नशिबाने. उबुंटूवर ओळ येते 'जीसीसी (उबुंटू ११.४.०-१उबुंटू१~२२.०४) ११.४.०'. तुम्ही उचलताय तो कंसातला, पॅकेजचा नंबर! मग ओळीतला शेवटचा घ्यावा? रेड हॅटवर बघा: 'जीसीसी (जीसीसी) ८.५.० २०२१०५१४ (रेड हॅट ८.५.०-४)'. शेवटी पुन्हा कंस, मध्ये तारीख. हिंजवडीला आमच्याकडे दोन्ही प्रकारची मशिन्स आहेत, म्हणून जीसीसीसाठी पॅटर्न 'पहिला बंद होणारा कंस, स्पेस, मग आकडे' असा बांधलाय. खरं तर जीसीसी ७ पासून डंपफुलव्हर्जन ऑप्शन नुसता आकडाच देतो. तो असेल तिथे रेजेक्स कशाला? (साधा डंपव्हर्जन नको, उबुंटूवर तो फक्त ११ म्हणतो.)

म्हणजे प्रत्येक टूलला आधीचा खुंटा (नंबरच्या अगदी आधी येणारा ठरलेला मजकूर) वेगळा, आणि त्यापुढे सगळीकडे हेच:

[0-9]+(\.[0-9]+)*

'कोणताही अंक' या अर्थाचा बॅकस्लॅश-डी मुद्दाम टाळलाय. पायथन ३ मध्ये स्ट्रिंगवर (मजकुरावर) तो देवनागरी '३' लाही अंक मानतो. आपल्याला कौतुक वाटेल, पण इथे नको.

काढलेला नंबर स्ट्रिंग म्हणून ताडू नका, '३.१०' हा '३.९' पेक्षा लहान ठरेल. टिंबावर तोडून पूर्णांक करा. आरसी (रिलीज कँडिडेट), बीटा असली शेपटं येणार असतील तर पायथनचं पॅकेजिंग मॉड्यूल वापरा, हाताने लिहीत बसू नका.

आणि जुळलं नाही तर '०.०.०' धरून पुढे जाऊ नका. ती मूळ ओळ जशीच्या तशी लॉगमध्ये छापा आणि स्क्रिप्ट थांबवा.